कझाक, किर्गिझ आणि कजाग

आमच्या शेजारी राहणाऱ्या एका कझाक बाईंना मी एका मराठी शब्दाचा खोटा अर्थ सांगितला, आणि आमच्या मराठी लोकांना सांगितलं की बाईंना खरा अर्थ ठाऊक आहे. दोन्ही थापा एकाच संध्याकाळी, एकाच हॉलमध्ये मारल्या. त्या एकमेकींना टेकून अशा उभ्या राहिल्या की आजवर एकीलाही धक्का लागलेला नाही. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मी मुळात कमी बोलतो. लोक त्याला सभ्यपणा समजतात, मीही समजू देतो.

बाई माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. इथे अमेरिकेत, कॅरी गावात, आमच्या गल्लीच्या टोकाला लेक-जावयाकडे राहतात. लेक औषधाच्या कंपनीत आहे. वयाने मोठ्या बाईला त्यांच्याकडे ‘आपा’ म्हणतात. आमच्याकडे अप्पा म्हटलं की मिशा आणि पेन्शन डोळ्यांपुढे येतात, त्यामुळे सुरुवातीला हाक मारताना मला हसू आवरायला लागायचं. त्या मला ‘इनिम’ म्हणायच्या, म्हणजे माझा धाकटा भाऊ. ओळख झाली ती दह्यामुळे. खारवलेल्या दह्याचे गोळे करून त्या डेकवर चादरीवर वाळत घालत आणि त्यावरून त्यांना एचओएची, म्हणजे इथल्या सोसायटीची, नोटीस आली. आम्हीही सांडगे वाळत घालणारी माणसं, पण आम्ही शहाणी, गॅरेजमध्ये घालतो. नोटिशीला उत्तर कसं द्यायचं ते मी त्यांना सांगितलं. तेव्हापासून मी धाकटा भाऊ.

आपा तिकडे शाळेत इतिहास शिकवायच्या. कुठला इतिहास, असं मी एकदा विचारलं. त्या हसल्या.

“कुठल्या वर्षी, ते सांग आधी.”

झारशी लढलेला त्यांचा एक खान होता. सोव्हिएत काळात तो प्रतिगामी होता आणि आपा तसं शिकवत. मग देश स्वतंत्र झाला आणि तोच खान राष्ट्रवीर झाला. आपा तसं शिकवू लागल्या. खडू तोच, फळा तोच, वर्गही तोच. लिपीचंही तेच. त्यांची आजी अरबी अक्षरांत लिहायची, आई काही वर्षं रोमनमध्ये शिकली, मग सगळ्यांना रशियन अक्षरं लावली आणि आता नातवंडांसाठी पुन्हा रोमन आणायचं घाटतंय. “आमच्या घरात आजीचं आईला वाचता यायचं नाही आणि माझं नातीला येत नाही,” त्या म्हणाल्या. “भांडणं कमी होतात.” राजधानीचं नाव तर इतक्यांदा बदललं की त्या नुसतं ‘ते शहर’ म्हणतात.

इथल्या मराठी मंडळात मी ‘सांस्कृतिक’ बघतो. म्हणजे हॉल, माइक आणि वड्यांची ऑर्डर. एका वर्षी कार्यकारिणीला ‘जगाची ओळख’ नावाचा उपक्रम सुचला.

“तुमच्या त्या शेजारच्या बाईंना बोलवा की,” अध्यक्ष म्हणाले. “रशियन आहेत ना?”

“कझाक.”

“तेच ते.”

तर शाळेचा कॅफेटेरिया भाड्याने घेतला. पुढच्या दोन रांगांत भारतातून आलेले आई-वडील, एसीमुळे शाली पांघरून. त्यांच्यासाठी मी आपांच्या सावकाश इंग्रजीचं मराठी करणार होतो. आपा भरतकामाचं जाकीट घालून आल्या होत्या. माइक हातात घेतला आणि छातीवर हात ठेवून आधी त्यांच्या भाषेत म्हणाल्या, मी कझाक आहे. पण त्यांचा तो शेवटचा ‘क’ घशाच्या तळातून येतो. कॅफेटेरियाच्या स्पीकरमधून तो आला तेव्हा त्याचा ‘ग’ झाला होता.

“काय म्हणाल्या?” पहिल्या रांगेतून.

“कजाग म्हणाल्या.”

“स्वतःच?”

“बघा! निदान कबूल तरी करतात,” एक काका बायकोकडे बघत म्हणाले. “आमच्याकडे चाळीस वर्षांत हे ऐकायला मिळालं नाही.”

हॉलमध्ये हशा फुटला. मीही हसलो. हा शब्द मी घरात वापरलेला आहे, हळू आवाजात.

आपा थांबल्या. माझ्याकडे वळून विचारलं, “इनिम, का हसतायत?”

“आपा, हा शब्द आमच्या भाषेतही आहे.”

“खरंच? अर्थ काय?”

कजाग म्हणजे भांडकुदळ बाई. तोंडाळ. जिच्या दारात विक्रेता दुसऱ्यांदा जात नाही ती. हे सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं आणि त्या कदाचित सगळ्यांत मोठ्याने हसल्या असत्या. पण समोर शंभरेक माणसं आणि त्यांच्या चेहऱ्यावर ती उत्सुकता. मी म्हणालो, “निडर बाई. कुणाचं ऐकून न घेणारी.”

आपांचा चेहरा असा उजळला की मला आजही ते आठवलं की इकडे तिकडे बघावंसं वाटतं. ठरवलेलं भाषण त्यांनी बाजूला ठेवलं आणि नावाचीच गोष्ट सांगायला घेतली. कझाक म्हणजे कुणाच्या दावणीला न बांधलेला, मोकळा माणूस. झारचे कारकून आले तेव्हा त्यांच्याकडे कोसॅक नावाचे स्वार आधीच होते, आणि ते नावही ह्याच शब्दाचं. एका नावाचे दोन लोक कागदावर कसे चालतील? म्हणून यांना ‘किर्गिझ’ म्हणून टाकलं. किर्गिझ हे वेगळेच लोक, ते बिचारे पलीकडच्या डोंगरात होते, पण कारकुनाला त्याचं काय. पुढे सोव्हिएत राज्य आलं, त्यांनी नाव परत दिलं. पण गोंधळ नको म्हणून शेवटचं अक्षर बदलून दिलं. ‘क’ काढून ‘ख’. “आमच्या नावाची शेपटी मॉस्कोने कापली,” आपा म्हणाल्या, “आणि तुम्ही इतक्या लांब, तुम्ही ती सांभाळलीत. अर्थासकट!”

टाळ्या पडल्या. मी हे सगळं मराठीत सांगितलं, शेवटचं वाक्य सोडून.

मग प्रश्न. एक निवृत्त डॉक्टर काका उठले. “म्हणजे या तुर्कच की हो! यांनीच स्वाऱ्या केल्या आपल्यावर.”

मी जरा मवाळ करून विचारलं. आपा म्हणाल्या, “तुमच्याकडे आले ते आमचे चुलत भाऊ. श्रीमंत झाले, मग आम्हालाही विचारलं नाही.”

घोड्यांचं निघालं. आमच्या लोकांना घोडे म्हटलं की छाती फुगते. भीमथडीची तट्टं, गनिमी कावा, सगळं झालं. आपा खूश होऊन म्हणाल्या, “म्हणजे तुम्हीही घोडा खाता?” पुढच्या दोन रांगांनी शाली घट्ट केल्या.

त्यानंतर त्या आजीकडे आल्या. सरकारने कळप काढून घेतले ते साल. मेंढ्या गेल्या, घोडे गेले, माणसं गवत उकडून खाऊ लागली. आजी लहान होती. तिची भावंडं एकेक करून गेली, आणि ती वाचली कारण तिची आई तिला रस्त्यावर सोडून न जाता धाकट्याला सोडून गेली. आपा हे अगदी सपाट आवाजात सांगत होत्या. मागून अध्यक्ष मनगटावर बोट आपटत होते. वडे निवत होते. मी माइक घेतला आणि म्हणालो, “मग तिकडे मोठा दुष्काळ पडला.” एवढंच.

जेवणाच्या रांगेत एका काकूंनी मला गाठलं. “अहो, त्यांना सांगितलंत का, आपण कजाग कशाला म्हणतो ते?”

“हो, सांगितलं. त्यांनाही गंमत वाटली.”

“स्पोर्टिंग आहेत हं बाई!”

झालं. त्या दिवसापासून आपा आमच्यात ‘कजाग काकू’ झाल्या. गणपतीला यायच्या, हळदीकुंकवाला यायच्या, दारातच छातीवर हात ठेवून म्हणायच्या, “मी कजाग!” एवढं एकच मराठी वाक्य त्यांना येत होतं, आणि घर हसायचं. नागपूरकडचा एक जण हमखास विचारायचा, “काय यार कजाग काकू, आज कुणाशी?” त्या मान डोलवायच्या. आमचे लोक म्हणायचे, किती खेळकर. त्या मला म्हणायच्या, किती प्रेमळ लोक आहेत तुमचे, नाव घेतलं की आनंदतात.

आणि कुठले लोक हे? महाराजांचं नाव कुणी नुसतं एकेरी घेतलं तर टीव्ही कंपनीला पत्र धाडणारे. मुंबईला बॉम्बे म्हणणाऱ्याला जेवणाच्या टेबलावर सुनावणारे. मी स्वतः अशा दोन निषेधांवर सही केलेली आहे. ऑफिसात माझं पाच अक्षरी नाव तोडून दीड अक्षराचं केलं तेव्हा मी काही बोललो नाही, पण घरी येऊन बायकोला तासभर वसाहतवाद समजावला.

पुढे मी एकदा जुना शब्दकोश उघडून पाहिलं. बहुतेक तोच शब्द आहे. माळावरचा मोकळा माणूस फारसीच्या वाटेने इकडे आला तोपर्यंत लुटारू झाला होता, कारण नाव ठेवणारे लुटले गेलेले होते. आणि मराठीत शिरल्यावर त्याची बाई झाली, तीही भांडखोर. स्वातंत्र्य इतक्या लांबून आलं आणि आमच्या ओसरीवर येऊन कुणाच्या तरी बायकोला शिवी म्हणून चिकटलं. त्या दिवशी हे आपांना सांगायला हवं होतं. त्यांना आवडलंही असतं. अशा गोष्टींवरच त्या जगल्या. पण शब्दाचा इतिहास सांगायचा तर हॉलमधल्या हसण्याचाही सांगावा लागला असता. मी कोश मिटला.

मागच्या वर्षी आपांनी मला घरी बोलावलं. बैठकीत लोकरीचा जाड बुरणूस पसरला होता, पायाने तुडवून, हाताने लाटून केलेला, कडेने मेंढ्याच्या शिंगांची नक्षी. मधोमध त्यांच्या लोकांचं नाव जगात जसं जसं लिहिलं गेलं तसं शिवलेलं. अरबीत, रोमनमध्ये, रशियनमध्ये. सगळ्यांत खाली, लाल लोकरीत, देवनागरी: कजाग.

“इनिम, अक्षरं तपास. तुझ्या लेकीने फोनवर लिहून दिलं, पण तिचं मराठी...”

हा बुरणूस त्यांच्या जुन्या शाळेतल्या छोट्या संग्रहालयाला द्यायचा होता. गावात मेडिकल कॉलेज आहे आणि तिथे आपली मुलं ढिगाने आहेत. वसंतातल्या नव्या वर्षाला शाळा त्यांना बोलावते, ती येऊन नाचतात. “तुमची मुलं भिंतीवर आपली अक्षरं बघतील,” आपा म्हणाल्या. “खाली मी तीन भाषांत लिहिणार आहे, भारतात याचा अर्थ निडर स्त्री. त्यांना परकं वाटणार नाही.”

लातूर-नांदेडकडची ती पोरं मला डोळ्यांसमोर दिसली. पहिला वाचेल, दुसऱ्याला कोपराने ढोसेल, तिसरा फोटो काढेल.

मी गुडघ्यावर बसलो. ‘ज’चा काना जरा आखूड झाला होता. तो लांब करायला सांगितला. शिरोरेषा एका जागी तुटली होती, तीही दाखवली. शुद्धलेखनाच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे.

त्या मायदेशी निघाल्या त्या दिवशी बॅगा मी गाडीत ठेवल्या. बुरणूस गुंडाळून वेगळा बांधला होता. म्हटलं, आता. “आपा, त्या शब्दाबद्दल मला एक...”

“मला माहीत आहे तू काय म्हणणार,” त्यांनी मला थांबवलं. “बुरणूस इथे राहावा असं तुला वाटतंय. नाही. ऐक. ज्यांनी ज्यांनी आमचं नाव ठेवलं, त्यांना आमच्याकडून काहीतरी हवं होतं. जमीन, कर, मेंढ्या. तुम्हाला काहीच नको होतं. म्हणून ते तिथे लागलं पाहिजे.”

त्यांच्या लेकीने गाडी सुरू केली. मी डिकी बंद केली, नीट लागली का ते दोनदा पाहिलं, आणि हात हलवला.

फोटो आला आहे. बुरणूस भिंतीवर आहे, काना व्यवस्थित लांब आहे. आपा शेजारी ताठ उभ्या आहेत, छातीवर हात ठेवून. मी अंगठा पाठवला. शरदात त्या परत यायच्या आहेत. बायको म्हणाली, या दिवाळीला कजाग काकूंना आपल्याकडेच बोलावू, मजा येते त्यांच्यामुळे.

मी हे लिहिलं खरं, पण मराठीत लिहिलं, म्हणजे त्यांना वाचता येत नाही अशा भाषेत, जिची अक्षरं त्यांनी स्वतःच्या हाताने शिवली आहेत. याला कबुली म्हणायचं तर माझ्यासारखाच माणूस म्हणेल. आमच्या लोकांना निदान आता कळेल की बाईंना काही ठाऊक नव्हतं. आपांना मात्र त्या शब्दाचा खरा अर्थ मी समोर बसून सांगायला हवा. तो अजून सांगितलेला नाही.