कमळाआक्कांचे शब्द

पणदऱ्याहून सुनीताचा फोन आला तेव्हा मी कमळाआक्कांनाच फोन करायचं ठरवत होते. गेले दोन महिने रोज ठरवत होते. सुनीता, म्हणजे त्यांची सून, म्हणाली, “बाई, आमच्या सासूबाई गेल्या सकाळी.”

मी बारामतीत मराठी शिकवायचे. आक्का आमच्याकडं बारा वर्षं दूध घालत होत्या. मी निवृत्त झाल्यावर एक दिवस किटली ठेवत म्हणाल्या, “बाई, माझं समदं लिवून द्याल का? नात पुण्याला असती. तिला म्हशीचं भ्या वाटतं.” मग दर गुरुवारी त्या येत, खुर्ची सोडून जमिनीवर बसत आणि बोलत. मी थेट संगणकावर टाइप करी. ‘चाऱ्याला’मधला तो अर्धा र काही केल्या उमटेना, ‘चार्याला’च होई. त्याची कळ शोधण्यात मी एक अख्खी दुपार घालवली. शुद्धलेखनाचा माझा हट्टच तसा होता.

त्याच हट्टापायी मी आणखी एक गोष्ट केली. आपोआप दुरुस्तीच्या यादीत आक्कांचे शब्द भरले. मी ‘हाय’ टाइप केलं की ‘आहे’ व्हायचं, ‘न्हाय’चं ‘नाही’, ‘व्हती’चं ‘होती’. त्या सांगतील तसंच मी टाइप करायचे, पण स्पेस दाबली की शब्द बदलायचा. मला ते सोयीचं वाटलं. पुस्तकात असंच असतं, असं मी धरून चालले होते.

वीस पानं झाल्यावर मी त्यांना वाचून दाखवलं. नवी नवरी म्हणून आल्यावर त्या म्हशीला घाबरल्या, तेव्हा सासू म्हणाली होती, तिला तुझा वास कळू दे, मग ती तुला दूध देईल... तो भाग. आक्का खाली मान घालून ऐकत होत्या. वाचून झाल्यावर म्हणाल्या, “ग्वाड हाय. पर ही बाई कोन?”

मी त्यांना शुद्ध भाषा समजावून सांगितली. अगदी वर्गात सांगावी तशी.

“तुमचं बराबर असंल बाई. मी काय शिकलेली न्हाय,” म्हणत त्या उठल्या. पुढच्या गुरुवारी आल्या नाहीत. दूध सुनीता आणू लागली. त्या दुखावल्यात हे मला कळलं, पण माफी मागायला पणदऱ्याला गेले नाही. बारामतीहून कितीसं लांब आहे ते...

त्या गेल्यावर मी ती यादी पुसली आणि एकेक शब्द मागं फिरवायला बसले. कानात त्यांचा आवाज होता, म्हणून बरंचसं जमलं. पण आईनं आक्कांची सासरी पाठवणी केली त्या पानावर ‘होती’पाशी अडले, तिथला आवाज नीट आठवेना. सुनीताला फोन केला. ती म्हणाली, “सासूबाई ‘व्हती’ म्हणायच्या. पर त्यांच्या आईचं बोलणं सांगताना ‘हुती’ म्हणायच्या. नरसिंहपूरकडची त्यांची आई, ती तसं बोलायची म्हणं.”

हे मला बारा वर्षांत कधी ऐकूच आलं नव्हतं. मी दोन्ही ‘व्हती’च ऐकले होते आणि यादीनं त्यांचं ‘होती’ केलं होतं. त्या पानावर आक्का कुठं बोलतात आणि त्यांची आई कुठं, हे आता सांगणारं कोणी नाही.

नातीला परवा कागद पाठवले. त्या पानावर ‘होती’ तसंच ठेवलंय. खाली लिहिलंय, हा शब्द तुझ्या आजीचा नाही, माझा आहे.