वेशीवर घेतलेलं नाव

माझी बायको मंजुळा देवाघरी गेली, त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. त्याले आता बरेच दिस झाले. काल शेजारणीनं जत्रेतल्या रेवड्या आणून दिल्या. तिळाच्या वासानं एक जुनी जत्रा आठवली.

आमचं नवीनच लग्न झालं होतं. मंजुळेले घेऊन दोस्तांसंग बैलगाडीनं नांदुरा, मोताळा करत जत्रेहून परत येत होतो. वाटेत दर गावाची वेस आली की गाडी हाकणारा माझा दोस्त किसन गाडी थांबवायचा.

"वहिनी, नवऱ्याचं नाव घ्या, तवाच बैल हालतीन!"

"फुकटात नाही घेत, भाऊजी. आधी रेवडी द्या!"

सारे हसायचे. मले लाज वाटे, मी बैलाच्या शेपटीकडे पाहत बसे. आता माझं नाव घेणारं घरात कोणी नाही.

आज सकाळी एसटीनं धामणगावले किसनकडे गेलो.

"काऊन आला बे, एवढ्या सकाळी?"

म्हणलं, "घरात कोणी बोलत नाही."