तीन दिवसांचा देव

आमच्या घराण्यावर देवाची दृष्टी आहे, असं वारूळवाडीत चार पिढ्या मानलं जातं. ही दृष्टी साधारण तीन आठवड्यांनी पडते आणि तीन दिवस राहते. पहिल्या दिवशी हुडहुडी भरते. दुसऱ्या दिवशी पोट असं दुखतं की पांघरूणही सोसत नाही. तिसऱ्या दिवशी घाम फुटून सगळं उतरतं आणि माणूस पिठलं-भाकरी मागतो.

पणजोबांना हा ताप ऐन चैत्रातल्या जत्रेत भरला आणि त्या भरात त्यांनी देवाची काठी वेशीपासून देवळापर्यंत एकट्याने नेली. तेव्हापासून रीत पडली की जत्रेच्या आठवड्यात ज्याच्या अंगात ताप, काठीचा मान त्याचा. पणजोबांनंतर आजोबा, मग वडील, मग माझा दादा. तीन आठवड्यांच्या हिशेबात ताप कधी मागेपुढे झाला तर कपाळ जरा कोमट लागलं तरी गाव चालवून घेई.

हा ताप तिसऱ्या दिवशी आपोआप जातो, ही गोष्ट मात्र चार पिढ्यांत कोणाच्याच लक्षात आली नाही. पहिल्या दिवशी वाट बघायची, दुसऱ्या दिवशी देवऋषी बोलवायचा नाहीतर सलाईन लावायचं, आणि तिसऱ्या दिवशी गुण. आमच्या पोटदुखीवर आजूबाजूच्या कितीतरी जणांचा हातगुण सिद्ध झाला.

मला तोच ताप बाराव्या वर्षी आला. देव आमच्यात फक्त पुरुषांच्या अंगात येतो, त्यामुळे माझा ताप शाळेचा कंटाळा ठरला. लग्न होऊन मंचरला गेल्यावर तो माहेरी जायचं निमित्त ठरला. पुढे एका सर्जनने माझं अपेंडिक्स काढलं. तीन आठवड्यांनी पोट पुन्हा तसंच दुखायला लागलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "काढून टाकलेलं बी दुखतंय व्हय गं?" त्या साऱ्या वर्षांत मला कोणी विचारलेला हा एकमेव शास्त्रीय प्रश्न.

त्याचं उत्तर पुण्यातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे मिळालं. हा आनुवंशिक ताप आहे, जंतूंचा नाही. शरीर स्वतःवरच उगाच भडकतं आणि आतल्या आवरणांना सूज येते. त्यांनी आमचा वंशवृक्ष काढायला घेतला. मामाची मुलगी करायची चाल आमच्याकडे निष्ठेने पाळलेली, त्यामुळे फांद्या पुन्हापुन्हा एकमेकींत शिरत होत्या. शेवटी पेन ठेवून त्या म्हणाल्या, "हा वृक्ष नाही, जाळं आहे."

उपाय म्हणजे रोज दोन गोळ्या, जन्मभर. सुरुवातीला पोट बिघडलं, मग सवय झाली आणि ताप गेला. एवढं सोपं असेल तर आमच्या वडिलांचं काय, असं मी विचारलं. वडील, आमचे अण्णा, साठीच्या आत गेले होते, पाय आणि चेहरा सुजून. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की दर तापात रक्तात एक प्रथिन वाढतं, वर्षानुवर्षांनी त्याचा गाळ मूत्रपिंडांत साचतो आणि ती निकामी होतात. गावात सांगतात की वडिलांना देवाने नेलं. त्यांच्या फोटोखाली तसं लिहिलेलंही आहे.

मी दादाला अक्षरशः ओढून तपासायला नेलं. त्याच्या लघवीत प्रथिनाचा नुसता अंश दिसला, म्हणजे मूत्रपिंडांना झळ लागायला नुकती सुरुवात झाली होती. "वेळेत आलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळी एक दिवसही चुकवू नका." दादाने मान डोलावली. पुढे वर्षभर त्याला ताप आला नाही आणि पहिल्यांदाच त्याने टोमॅटोचा सगळा हंगाम उभ्याने काढला.

त्या वर्षीच्या जत्रेत काठी त्याला जुन्या पुण्याईवर मिळाली. पण पारावर कोणीतरी बोललंच, "देव गेला म्हणं तुमच्या घरातून." दादा हसला नाही. मी ते हसण्यावारी नेलं. चूक माझी.

यंदा मी रोज सकाळी मंचरहून फोन करायचे. "घेतली का?" "घेतली." जत्रेच्या आदल्या दिवशी माहेरी गेले तेव्हा वहिनी मला देवघरापाशी घेऊन गेली. देवांच्या टाकांमागे गोळ्यांची न फोडलेली पाकिटं ओळीने लावलेली होती. महाशिवरात्रीपासूनची.

"तायडे, गोळी खाऊन देव येत न्हाई," दादा म्हणाला.

"नाही आला तर बरंच की. अण्णांना नेलं तेवढं पुरे नाही का?"

"तुला न्हाई कळायचं. तुज्यात कुटं आला तो?"

"माझ्यातलाच काढला ना डॉक्टरांनी, अपेंडिक्स म्हणून."

वहिनी हसली आणि लगेच पदराने डोळे पुसायला लागली. दादा म्हणाला, "जत्रा झाली का घेतो. आईशप्पथ."

गोळ्या सोडून त्याने रीत सांभाळली होती, पण तापाला तिथी कळत नाही. जत्रेच्या सकाळी दादाने इस्त्रीचं धोतर नेसलं, फेटा बांधला आणि दर पाच मिनिटांनी तो स्वतःच्या कपाळाला हात लावून बघत राहिला. अंग गार. देवळापुढे पंचांनीही हात लावून पाहिला. तेवढ्यात मागून ओरडा झाला. भावकीतला आमचा एक चुलतभाऊ तापाने फणफणलेला, डोळे लाल, पाय लटपटत, गर्दीत उभा होता. ढोल वाढले. काठी त्याच्या हातात गेली. बायका त्याच्या पाया पडल्या. सरपंचांनी शाल घातली आणि माईकवरून देवाने नवं घर निवडल्याचं जाहीर केलं. दादाने सगळ्यांबरोबर हात जोडले.

पाचव्या दिवशी दादाला ताप आला. दोन महिन्यांची थकबाकी वसूल करायला आल्यासारखा आला. पोट, छाती, गुडघे, सगळं धरलं. यावेळी देवऋषी आला नाही. देव आता दुसऱ्या घरी होता ना.

ताप उतरला तशी मी त्याला नारायणगावात लॅबमध्ये नेलं. मागच्या वेळी नुसता अंश असलेल्या प्रथिनापुढे आता तीन प्लस छापलेले होते. मी पुण्याला फोन लावला. डॉक्टरीणबाईंनी मला आकडा पुन्हा वाचायला लावला. दोन आठवड्यांनी पुन्हा तपासा, म्हणाल्या, थोडं खाली येईल. गोळ्यांनी पुढचं थांबवता येईल, पण साचलेलं सगळं निघेल असा शब्द त्यांनी दिला नाही. दादाने कागद चौघडी करून खिशात घातला आणि मला विचारलं, "अण्णांचे किती प्लस व्हते?"

वडिलांची लघवी कोणी तपासलीच नव्हती.

आम्ही निघालो तेव्हा लॅबच्या खिडकीपाशी चुलतभावाची बायको त्याचा रिपोर्ट घ्यायला उभी होती. दादाला बघून तिने आधी डोक्यावर पदर घेतला आणि मग कागद लपवला. पण खिडकीतल्या मुलीने तो मोठ्याने वाचून दाखवला होता.

टायफॉईड.