हिच्यावरचे चार शब्द

ही गेली तेव्हा दहाव्याला मला चार शब्द बोलायला उभं केलं. माइक हातात आला आणि मी म्हणलो, "सगळ्यांनी जेवून जा." मग खाली बसलो. एकेचाळीस वर्षांचा संसार, अन् एवढंच. लेक दोन महिने माझ्याशी धड बोलली नाही. म्हणून वर्षश्राद्धाला बोलायचंच, असं मी ठरवलं. शिक्षण चौथी, पण ठरवलं.

त्याच महिन्यात नातीचं कॉलेजात प्रेझेंटेशन होतं. लेकाची पोर, इंजिनिअरिंगला आहे. तिनं कचऱ्याचा असा डबा बनवला होता की समोर हात गेला की झाकण आपोआप उघडतं. सरावासाठी तिनं मला खुर्चीत बसवलं.

"आबा, कौतुक नको. फक्त चुका काढा."

चुका काढायला तिनं बरोबर माणूस धरला. वाळूजला कंपनीत मी सव्वीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो. नग हातात घ्यायचा, फिरवून बघायचा, खोट दिसली की लाल ठिपका देऊन रिजेक्टच्या पेटीत.

नातीनं प्रेझेंटेशन घरच्या टीव्हीवर लावलं अन् माझ्याकडं पाठ करून त्यावरची अक्षरं बघत बोलायला लागली.

"थांब. मला नुसती वेणी दिसती तुझी. भाषण वेणी करणार व्हय?"

ती वळली. "आपल्या सर्वांना माहीतच आहे की कचरा ही गंभीर समस्या आहे..."

"माहीत आहे तर उभी कशाला राहिलीस? रिजेक्ट."

"आबा!"

मी हात उचलून चूक दाखवली की टेबलावरचा डबा आ करायचा. चारपाच वेळा झालं. शेवटी मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो.

"हा डबा कुणासाठी केला, ते सांग."

"सर्वसामान्य नागरिकांसाठी."

"त्याला मी वळखत नाय. माणूस सांग."

"आजीसाठी. तिचे हात कणकेचे असायचे. ती पायानं झाकण उघडायला जायची अन् सगळा कचरा वट्ट्याखाली."

"मग हे सांग की! बाकीचं कशाला दळतीस?"

तिनं लिहून घेतलं. मग म्हणली, "आता तुमचं भाषण."

मी खिशातला कागद काढला अन् खणखणीत वाचला. "त्यांच्या जाण्यानं न भरून निघणारी पोकळी निर्माण झाली आहे. गोरगरिबांचे कैवारी, तरुणांचे आशास्थान, दिलदार नेतृत्व. शोकाकुल, समस्त मित्रमंडळ."

"आबा, हे कुठून आणलं?"

चिकलठाण्याच्या चौकात एका पुढाऱ्याच्या श्रद्धांजलीचा बोर्ड लागला होता. मला वाटलं, मेलेल्या माणसावर असंच बोलायचं असतं. अर्धा तास उन्हात उभं राहून उतरवलं होतं, वरपासून खालपर्यंत.

"आजी तरुणांचं आशास्थान कधी होती?"

"गल्लीतली पोरं तिला बघून पळायची."

"अन् मित्रमंडळ?"

"मीच. तेबी रोज भांडण."

"मग ही बाई कोण आहे?" तिनं कागद माझ्या हातातून घेतला. "रिजेक्ट."

मला लई राग आला. नंतर कागद परत मागून घेतला, उलटासुलटा करून बघितला. एका ओळीतबी ही नव्हती.

वर्षश्राद्धाला कागद न घेता उठलो. म्हणलो, "मी सकाळच्या शिफ्टला जायचो, ही चारला उठून पोळ्या करायची. पोळी करपली तर मी घरी येऊन बोलायचो. चांगली झाली तर गप. एकदा सलग आठवडाभर करपलेल्या निघाल्या. लई ओरडलो. ही म्हणली, मुद्दाम करपवल्या, तेवढंच तुमचं तोंड उघडतं."

माणसं हसली. मेव्हणा माझ्या कानाशी आला. "दाजी, वर्षश्राद्ध आहे हो."

लेक पहिल्या रांगेत होती. डोळे पुसत म्हणली, "बाबा, आणखी सांगा."

मग मी सांगत सुटलो. दुधवाल्याशी हिनं घातलेला वाद, दौलताबादच्या किल्ल्यावर अर्ध्यात बसून पुढं चढायला दिलेला जाहीर नकार, माझ्या दाढीवरनं हिची बोलणी, सगळं. पंगत खोळंबली, गुरुजी दोनदा घड्याळाकडं बघून खाकरले. नात मागून हातानं खुणा करत होती, बास करा म्हणून. पण आवरतं कसं घ्यायचं, ते सरावात आम्ही दोघांनीबी बघितलं नव्हतं.