चकलांब्याचं आवतन

दादाच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा घरात पहिली चर्चा मंगल कार्यालयाची झाली नाही, जेवणाचीही नाही. झाली ती चकलांब्याच्या दाजींची. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. चार वर्षांपूर्वी दादाच्या मुलाचं लग्न होतं, तेव्हा आम्ही त्यांना पत्रिका व्हॉट्सॲपवर पाठवली होती. आम्ही म्हणजे मी. "एवढ्या लांब कोण जातंय, टाक मोबाईलवर," असं दादा म्हणाला आणि बटण मी दाबलं. दाजींनी पत्रिका उघडली, दोन निळ्या खुणा उमटल्या, आणि तेव्हापासून चकलांब्याचं माणूस आमच्या तेलगावच्या घराची पायरी चढलं नाही. ताई फोनवर बोलायची, पण पाऊसपाणी कसं हाय, एवढंच.

आता जिचं लग्न होतं तिचं नाव ताईनंच ठेवलेलं. बारशाला पाळण्यात वाकून कानात कुर्र करणारी आत्या तीच. पोरीनं सांगून टाकलं, की नाव ठेवणारी आत्या आली नाही तर मी मांडवात उभी राहणार नाही. पोरगी माझ्या वळणावर गेलीय. ती म्हणाली म्हणजे म्हणाली.

तेव्हा ठरलं की या वेळी गाडी करून सगळ्यांनी जायचं आणि आवतन हातात द्यायचं. शेजाऱ्यांची सहा सीटची गाडी होती आणि ती चालवायची त्यांना हौस होती. पुढं त्यांच्या शेजारी आमचे काका, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, मानपानातले शेवटचे जाणकार. मधे दादा आणि वहिनी. सगळ्यात मागं मी आणि माझ्याशेजारच्या सीटवर पत्रिकांचं खोकं. शाळामास्तरीण असल्यानं हिशोबानं वाटप करण्याचं काम माझ्याकडं आलं. प्रत्येक गावाच्या पत्रिकांना मी वेगळं रबर लावलं होतं. दाजींचं नाव मी स्वतःच्या हातानं, शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहिते तसं ठळक लिहिलं, केशरी पाकिटात घातलं आणि खोक्याच्या अगदी तळाशी ठेवलं. ते पाकीट जीव गेला तरी सोडायचं नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं.

पहिली पत्रिका देवापुढं ठेवून सकाळी सातला निघालो. माणसांत मोठा मान मामाचा, आणि वहिनीचा भाऊ कड्याला. म्हणजे जिल्ह्याच्या या टोकाहून त्या टोकाला. वाटेत जिथं जिथं सोयरे तिथं तिथं थांबायचं, आणि जिथं थांबायचं तिथं चहा. नको म्हटलं की यजमानाचं तोंड पडतं, "बशीभर तरी घ्या" असं म्हणत ते कप पुढं करतात. बीड ओलांडेपर्यंत माझ्या पोटात सात चहा झाले होते. काका मात्र प्रत्येक चहा पहिलाच असल्यासारखा फुरके मारून पीत होते.

काकांचा एक नियम मला त्या दिवशी कळला. ज्याला रामराम घातला त्याला आवतन द्यायचं. पंक्चर काढणाऱ्यानं रामराम केला, त्याला पत्रिका. टपरीवाल्यानं केला, त्याला पत्रिका. कड्याच्या अलीकडं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर रस्ता अडवून चालला होता. शेजाऱ्यांनी खिडकीतून डोकं काढून "साइड दे की बे," म्हणून दरडावलं. ट्रॅक्टरवाल्यानं बाजू दिली आणि हसून हात वर केला, तर काकांनी गाडी थांबवायला लावून त्यालाही लग्नाला बोलावलं. मी मागून कुरकुरत होते. काका म्हणाले, मांडव काय माणसं मोजून घालतेत का? दादा बहुतेक मनात जेवणाची ताटं मोजत असावा.

कड्याला मामांनी पुरणपोळीचा बेत केला होता. बायकांना खण-नारळ, पुरुषांना टॉवेल-टोपी. शेजाऱ्यांचा लग्नाशी काही संबंध नव्हता, पण टोपी मिळाल्यावर ते वराकडच्या मंडळींसारखे ताठ बसले. कटाची आमटी मी दोनदा घेतली आणि गाडीत बसल्याबरोबर माझा डोळा लागला.

शिरूर मागं पडल्यावर कधीतरी गाडी थांबल्याचं जाणवलं. डोळे किलकिले करून पाहिलं तर रस्ताभर मेंढ्या. काका खाली उतरून एका म्हाताऱ्या मेंढपाळाशी गप्पा मारत होते. मग दार उघडलं, बंद झालं, आणि मी परत झोपले. मी पोरांना वर्गात डुलकी घेतली म्हणून उभं करते, ते त्या क्षणी आठवायला हवं होतं.

चकलांब्याची वेस दिसली तेव्हा मी पदर सारखा केला आणि खोक्यात हात घातला. खोकं रिकामं होतं. उलटं करून झटकलं तर एक रबर पडलं.

"काका," मी म्हणाले, "केशरी पाकीट कुठाय?"

काका मागं वळून कौतुकानं म्हणाले, "ती व्हय? एकच राहिलती. म्हाताऱ्याला दिली. लई खूश झाला बिचारा."

काका चष्म्याशिवाय अक्षर ओळखत नाहीत आणि चष्मा तेलगावला राहिला होता. मेंढपाळानं पूर्वी आमच्या रानात मेंढ्या बसवल्या होत्या, रानाला खत झालं होतं, त्याला टाळायचं कसं, असं त्यांचं म्हणणं. वहिनीनं कपाळाला हात लावला. दादा म्हणाला, छापायला दिल्यात, उद्या पोच करतो, असं सांगू. मला रडू येत होतं, आणि मी रडणारी बाई नाही.

दाजी ओसरीवर बाजेवर बसले होते. उठले नाहीत. "या," म्हणाले, पण आमच्याकडं न बघता. ताईनं पाण्याचा तांब्या आणला. तिचे केस चार वर्षांत बरेच पांढरे झाले होते. माझ्या हातात तांब्या देताना तिची बोटं माझ्या बोटांवर जरा जास्त वेळ राहिली, आणि ती आत जाऊन दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

दादानं घसा खाकरला आणि छापखान्याची गोष्ट सुरू केली. मला ती ऐकवेना.

"दाजी, खोटं हाय ते," मी म्हणाले. "तुमची पत्रिका मी हातानं लिहिलती. वाटेत झोपले आन् ती मेंढक्याला गेली. मागल्या खेपेला बटणबी मीच दाबलतं. राग धरायचा तर माझ्यावर धरा, ताईला सोडा."

 गोठ्यात म्हैस शेपूट आपटत होती. दाजींनी एकेकाकडं पाहिलं. टोपी घातलेले शेजारी, मान खाली घातलेला दादा, वहिनी, मी, आणि शेवटी काका. सत्तरी पार केलेला हा माणूस सकाळपासून गाडीत हाडं खिळखिळी करत आला होता आणि आता चोरासारखा उभा होता.

"मागल्या बारीला पत्रिका आलती, माणूस न्हाई आलं," दाजी सावकाश म्हणाले. "आज माणसं आल्यात, पत्रिका न्हाई." मग मिशीतल्या मिशीत हसले. "ह्ये बरं हाय."

काकांनी बंडीच्या खिशातून डबी काढली. देवापुढं ठेवून उरलेल्या हळदीकुंकवाच्या अक्षता होत्या तीत. काकांच्या तरुणपणी पत्रिका कुठल्या, अक्षत हातावर ठेवायची आणि तोंडानं सांगायचं. त्यांनी दाजींच्या ओंजळीत अक्षता ठेवल्या आणि तिथी सांगून म्हणाले, समदं घर घेऊन यायचं. दाजी उठले आणि काकांच्या पाया पडले. वहिनीनं आणि मी एकदमच डोळे पुसले. शेजाऱ्यांनीही नव्या टॉवेलला तोंड पुसलं.

मग चहा आला. तो कितवा ते मी मोजलं नाही, पण कप तळापर्यंत प्याले. दाजी म्हणाले, नाव ठेवणारी आत्या पाहुण्यासारखी हळदीला आली तर बरं दिसत नाही, हिला आजच न्या, मी मागून येतो. ताईची पिशवी पाच मिनिटांत तयार झाली. ती चार वर्षं भरलेलीच असावी, असं मला वाटलं.

गाडीत जागा एकच होती, जिथं सकाळी पत्रिकांचं खोकं होतं. रिकामं खोकं मी पायाखाली घेतलं आणि ताई माझ्याशेजारी बसली. गाव सुटेपर्यंत तिनं माझा हात धरून ठेवला होता. मग म्हणाली, पत्रिका दिसायला कशी हाय, ते तरी दाखवा की.

दादानं उत्साहानं खिशातून मोबाईल काढला. काकांनी पुढून वळून पाहिलं.

"ठिव बाबा खिशात," ते म्हणाले. "आणखी चार वर्षं मला जमायची न्हाईत."

दादानं मोबाईल परत ठेवला. ताई इतकी हसली की शेजाऱ्यांना गाडी हळू करावी लागली, आणि पत्रिकेत काय काय लिहिलंय ते मग मीच तिला तेलगाव येईपर्यंत तोंडानं सांगत राहिले.