जबड्याला टेकवलेलं वल्हं

माझे सासरे तात्या कामतघरच्या यंत्रमागांच्या खडखडाटात राबून ठार बहिरे झाले. तरी अंजूरच्या खाडीत वल्ह्याचं एक टोक पाण्यात सोडून दुसरं जबड्याला टेकवायचे आणि मासे कुठे आहेत ते सांगायचे. मी विज्ञानाची शिक्षिका, मला त्यात नवल वाटत नव्हतं. डॉल्फिनचे पूर्वज जमिनीवरून पाण्यात गेले, कोट्यवधी वर्षांत त्यांच्या कानांची भोकं जवळजवळ बुजली आणि आवाज जबड्यातून आत शिरू लागला. तात्यांनाही पाण्यातली कंपनं वल्ह्यातून जबड्याच्या हाडात जाणवत असणार.

२००६च्या पावसाळ्यात तात्यांचा भाऊ चांगदेव खाडीत बुडाला. दिवाळीनंतर आम्ही होडीत असताना तात्यांनी वल्हं जबड्याला लावलं. म्हणाले, "चांगदेव खालीच हाय. हाका मारतोय."

मला असल्या गोष्टींचा तिटकारा. मी वल्हं हिसकावून माझ्या जबड्याला टेकवलं.

चांगदेवकाकांनी नेहमीसारखंच हळू विचारलं, "सूनबाय, तू कवा येणार?"