वायर तुटली तरी

आमचे साहेब कॉलवर सगळ्यांसमोर म्हणाले, "पुन्हा नेटची लाइन तुटली तर रोज ऑफिसला यायचं. गावात बसून असली कामं होत नाहीत." मी "हो सर" म्हटलं आणि कॉल संपल्यावर भिंतीला चार शिव्या घातल्या. बाबांना अर्धांगवायू झालेला, दुपारी त्यांना भरवायला मीच. रोज ऑफिस म्हणजे नोकरीच सोडायची, आणि ती मी का सोडू? काम मला साहेबांपेक्षा बरं येत होतं.

लॅपटॉपला वायर होतीच. ती गेली की त्याने आपोआप वायफायवर जावं, एवढंच हवं होतं. बदलापूर गावात विरजण संपलं की शेजारी जायचं. मी तशीच त्यांच्या वायफायचा पासवर्ड मागायला गेले. "घे ना बाय, त्यात काय इचारतेस?" शेजारच्या काकी म्हणाल्या. आधी वायर, मग काकी, असा क्रम लावला आणि वायर उपटून पाहिली. कॉल चालूच! मी भलतीच खूश.

पुढच्याच आठवड्यात माझी वायर आणि काकींचं वायफाय, दोन्ही एकदम गेलं. अख्ख्या आळीचा केबलवाला एकच, त्याची वायर जांभळावरून आलेली, आणि जांभळाची फांदी पडली. एवढं साधं मला सुचू नये! साहेब म्हणाले, "ही शेवटची वेळ."

मग मी हट्टालाच पेटले. वायफाय घेतलं माझ्या फोनचं, ज्याचा त्या जांभळाशी काही संबंध नाही. शिवाय बाहेर वायर तुटली तरी राउटरपासून लॅपटॉपपर्यंतची शाबूत असते, म्हणून लॅपटॉपला वाटतं सगळं आलबेल आहे. त्याला सांगून ठेवलं, सतत बाहेर इंटरनेटला हाक मारत राहा. ओ मिळाली नाही की वायरीचा नाद सोड, फोन धर.

गणपती आणायच्या दिवशी क्लायंटचा कॉल होता. मंडळाची मूर्ती यंदा उंच, पुढे ताशा. आळीतल्या वायरी बांबूने वर उचलायच्या आणि मूर्ती खालून काढायची, ही आमची रीत. कुणीतरी बांबू जरा जास्तच रेटला. राउटरचा दिवा लाल झाला, स्क्रीनवरचे चेहरे गोठले. मग लॅपटॉपने फोन धरला आणि साहेब हलले.

"हा कसला आवाज? कुठे आहात तुम्ही? म्यूट करा."

"बदलापूर गावात, घरी. आमची लाइन आत्ताच तुटली, सर," मी म्हटलं, आणि म्यूट न करता क्लायंटला उरलेलं सगळं ताशाच्या वर आवाज चढवून सांगितलं.